कागद सरकारचा, भाषा कुणाची?

सीमाबांधवहो,

निपाणीच्या बाजारात भाव मराठीत ठरतो, खानापूरच्या शिवारात बांधाचे भांडण मराठीत होते. पण त्याच बांधाचा उतारा हातात पडतो तो कन्नडमध्ये. घरपट्टीची नोटीसही तशीच. ज्याची जमीन, त्यालाच आपला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. बँकेत कर्जासाठी आलेला म्हातारा शेतकरी "यात काय लिहिलंय हो?" असे आम्हालाच विचारतो. वाचणाऱ्याने चूक केली, तरी भोगायचे त्यानेच!

कन्नड भाषेशी आमचे वैर नाही. आपली जुनी घराणी पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा बोलत आली आहेत. कन्नड काढा असे आम्ही म्हणत नाही. शेजारी मराठी द्या, एवढेच म्हणतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले राज्य बदलले, चुलीपाशी बोलायची भाषा बदलली नाही. १९६३ च्या कायद्याने कन्नड राजभाषा झाली, २०२४ च्या कायद्याने दुकानाच्या पाटीतला साठ टक्के भाग कन्नडला दिला. मग घटनेचे काय? कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्राच्या योजनेनुसार, ज्या तालुक्यात वा नगरपालिकेत त्यांची संख्या १५ टक्के किंवा अधिक, तिथे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही निघाल्या पाहिजेत. बेळगाव, खानापूर, निपाणीत आपण त्याहून कितीतरी अधिक आहोत.

राज्याला एकच राजभाषा हवी, असे सांगणाऱ्यांनी चोर्ल्याचा घाट उतरून पाहावे. गोव्याच्या १९८७ च्या कायद्यात कोकणी राजभाषा आहे, आणि शासकीय कामात मराठीलाही जागा आहे. दूर कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा बेटावर डच ही सरकारी भाषा, लोक बोलत पापियामेंतो. २००३ मध्ये तिलाही डचच्या बरोबरीने मान्यता मिळाली. बेट काही बुडाले नाही!

सर्वोच्च न्यायालयातील २००४ च्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. सीमा कुठे असावी हा तिथला प्रश्न. उतारा वाचता यावा, हा आजचा. त्यासाठी निकालाची वाट कशाला पाहायची?

तेव्हा प्रत्येक घराने अर्ज मराठीत द्यावा, तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी, उत्तरासोबत मराठी प्रत मागावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. शिक्का मारलेला कागद फायलीत राहतो. एक अर्ज बाजूला सारता येईल, गल्लीगल्लीतून आलेले गठ्ठे कुठे ठेवणार?

जय महाराष्ट्र!