डबा पोचला का?

दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या पेठांतून एक प्रश्न हटकून कानी येतो : "डबा पोचला का?" चकल्या कशा झाल्या होत्या, हे मागाहून! सातासमुद्रापलीकडे लेकीला पाठविलेला फराळ वाटेत चुरा न होता नेमक्या दारी पोचणे, हेच महत्त्वाचे. कर्करोगावर औषध शोधणारे काही मोठे शास्त्रज्ञही आज हाच प्रश्न विचारीत आहेत, असे म्हटले तर आमच्या वाचकभगिनी हसतील. पण गोष्ट खरी आहे.

आपल्या पेशीतली जनुके म्हणजे घरातली वडीलधारी मंडळी. ती जागची हलत नाहीत. आरएनए नावाच्या चिठ्ठ्या पाठवून कामे करून घेतात. कर्करोगात काही जनुके नको तितक्या चिठ्ठ्या पाठवितात आणि पेशी बेसुमार वाढतात. मग ही चिठ्ठीच वाटेत फाडली तर?

ही युक्ती निसर्गाजवळ आधीपासूनच होती. १९९० साली अमेरिकेत पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करावा म्हणून रंगाचे आणखी एक जनुक घातले, तो फुले निघाली पांढरी! दोन्ही जनुके गप्प! या मौनामागचे इंगित अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका चिमुकल्या कृमीत उलगडले आणि २००६ चे नोबेल पारितोषिक मिळविले. जेमतेम एकवीस अक्षरांचा दुपदरी आरएनए नेमकी चिठ्ठी हुडकून ती निकामी करवितो. जनुक शाबूत राहते. फक्त त्याचे कोणी ऐकत नाही.

मग घोडे अडले कुठे? डब्यापाशी! उघडा आरएनए रक्तात काही मिनिटांत नाहीसा होतो. म्हणून त्याला स्निग्ध पदार्थाच्या कणात बांधतात. असे हजारेक कण ओळीने मांडावेत, तेव्हा कुठे केसाची जाडी भरते. पण आपले यकृत म्हणजे वाड्याच्या दारात बसलेले गृहस्थ. आलेला प्रत्येक डबा आपलाच समजून ते ठेवून घेतात! म्हणूनच या जातीचे पहिले औषध, पॅटिसिरान, २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले ते यकृतात तयार होणाऱ्या एका सदोष प्रथिनावर.

गाठीपर्यंतची वाट बिकट खरी, पण अगदीच बंद नाही. कॅलिफोर्नियातील मार्क डेव्हिस यांच्या गटाने २०१० मध्ये दाखविले, की शिरेतून दिलेले आरएनए वाहणारे सूक्ष्म कण त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांत गाठीपर्यंत पोचले. पुढे ते औषध बाजारात काही आले नाही. २०१६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी अनेक वर्षांचे प्राण्यांवरील प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा नाना तऱ्हेच्या सूक्ष्म कणांपैकी गाठीत पोचणारा वाटा शेकडा एकही भरेना!

ही डबे बांधण्याची विद्या आपल्या पुण्यालाही परकी नाही. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने अशाच स्निग्ध कणांच्या आधारे करोनावर आरएनए लस तयार केली आणि जून २०२२ मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. तिथे चिठ्ठी पोचवायची होती, इथे फाडायची आहे; बांधणीची विद्या मात्र एकाच घराण्यातली.

हे सारे सांगण्याचे कारण वर्तमानपत्रांची कात्रणे. "कर्करोगावर जालीम औषध सापडले!" असा मथळा आला, की ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांच्या काळजात आशा उभी राहते. एका सहकाऱ्याने असेच कात्रण पुढे करून मला विचारले, "सर, हे पुण्यात कुठे मिळेल हो?" त्यांच्या वहिनींची इंजेक्शने चालू होती आणि नव्या औषधासाठी ती थांबवावीत, असे घरात घाटत होते.

अशा घरांना हात जोडून सांगावेसे वाटते : जनुकाला गप्प बसविणारे कर्करोगावरचे कोणतेही औषध अजून बाजारात नाही, आहेत त्या चाचण्या. भारतात २००९ पासून अशा चाचण्यांची सरकारी नोंद सक्तीची आहे आणि ती कोणालाही पाहता येते. कात्रण जपून ठेवा, डॉक्टरांना अवश्य दाखवा. पण हाती असलेला उपचार मात्र एक दिवसही चुकवू नका. उद्याचे औषध यायचे तेव्हा येईल. ते घ्यायला आपले माणूस असले पाहिजे.