आधी बियाणं, मग बाजार

‘एक बटण दाबलं की लेख वर्डप्रेस, ब्लॉगर, टेलिग्राम, सगळीकडे आपोआप गेला पाहिजे. अशी स्क्रिप्ट लिहून दे ना,’ असं मित्र म्हणतात. मी देतो. पण आधी विचारतो, मूळ लेख कुठे ठेवलायस? उत्तर ठरलेलं: ‘तिथेच, ऑनलाइन.’

ही चूक मीही केली आहे. कॉलेजात असताना थेट एका संकेतस्थळाच्या चौकटीत लिहायचो. ते बंद पडलं आणि दोन वर्षांचं लिखाण गेलं.

‘मोठ्या कंपनीत असं होत नाही’ म्हणणाऱ्यांनी पॉस्टरस आठवावं. एक ईमेल पाठवला की ते ब्लॉग, ट्विटर, फेसबुकवर लेख टाकायचं. २०१२मध्ये ट्विटरने ते विकत घेतलं आणि ३० एप्रिल २०१३ला बंद केलं. ऑगस्ट २०१८पासून फेसबुकने बाहेरच्या प्रोग्रॅमना वैयक्तिक प्रोफाइलवर पोस्ट टाकायला मनाई केली. दार त्यांचं, कुलूपही त्यांचंच.

आमच्या आर्णीकडे शेतकरी घरच्या तुरीतून बियाणं आधी बाजूला काढतो, मगच पोती बाजार समितीत नेतो. लिहिणाऱ्यानेही तेच करावं. स्वतःचं डोमेन घ्यावं, लेख साध्या मजकुराच्या फायलींत ठेवावेत, एक प्रत घरच्या डिस्कवर असावी. मग स्क्रिप्टने खुशाल दहा ठिकाणी पाठवा. प्रत्येक प्रतीखाली मूळ लेखाचा दुवा तेवढा द्या.

‘एवढी कटकट कोण करणार?’ ज्याला आपलं लिखाण दहा वर्षांनी कुणी वाचावं असं वाटतं, त्याने. बाकीच्यांना स्क्रिप्ट मी फुकट देतो.