निरोपाला हत्ती नको, दिवा द्या

भिलाईहून बदली झालेला माणूस सोबत एक काचेची पेटी नेतो. आत ढोकऱ्याचा हत्ती, नाहीतर आदिवासी जोडपं. निरोपाच्या दिवशी टाळ्या, फोटो आणि ही पेटी. पुढे ती टीव्हीशेजारी बसते नि वर्षातून एकदा, दिवाळीला पुसली जाते. ही पद्धत मला पटत नाही.

ढोकरा मुळात शोभेचा माल नव्हे. बस्तरपासून बंगालपर्यंत या रीतीनं धान्याची मापं, दिवे, घंटा, घुंगरं आणि पूजेतले देव घडत आले. कोंडागावचे घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळतात, वरून पुन्हा माती लिंपतात. भाजलं की मेण वितळतं आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. मापावर दिसणारे वळसे म्हणजे तेच धागे. कोणी नंतर बसून नक्षी कोरलेली नसते. साचा फोडावाच लागतो, म्हणून एकासारखं दुसरं माप निघत नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. अडकित्ता कितीही नटला तरी सुपारी कातरतो. आणि नटायलाच हवं असंही नाही. इथल्या पोलाद कारखान्यात बनणारा रेल्वेचा रूळ बघा: वर जाड डोकं, मध्ये बारीक कंबर, खाली रुंद पाय. मीटरला ६० किलो लोखंड, पण भार जिथे पडतो तिथेच. मला तो त्या हत्तीपेक्षा देखणा वाटतो. (मेसमध्ये हे बोललो तर सगळे हसले.)

कोणी म्हणेल, शोपीसवरच तर कारागिराचं घर चालतं. खरं आहे. स्टील-अॅल्युमिनियमची भांडी आली आणि गावातलं जुनं गिऱ्हाईक आटलं. शहरातल्या शोकेसनं त्याला हात दिला. म्हणून खरेदी थांबवा असं मी म्हणतच नाही. तेवढेच पैसे द्या, पण दिव्याचे, घंटेचे, मापाचे. गिऱ्हाईक हत्तीच मागत राहिलं तर कारागिराचा पोरगा हत्तीच शिकणार. माप किती खोल हवं, दिव्यात तेल किती मावावं, हे मग त्याला कोण विचारणार?

पुढच्या निरोपाला दिवा आणणार असाल तर माझी वर्गणी आजच घ्या. हत्तीसाठी मात्र तुमची तुम्ही गोळा करा.