नाव कांदा, पण कांदा नव्हे!



कांदा शिकवताना आपण तो उभा कापून दाखवतो. पापुद्रे म्हणजे पानांचे मांसल बुडखे आणि तळाची चकती म्हणजे खोड, एवढं मुलांना समजतं. पण पाठ इथेच संपवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कांद्याचे खरे नातेवाईक कोण आणि नुसते नावाचे कोण, हेही मुलांना कळायला हवं.

कांदा, लसूण ज्या 'ॲलियम' गटात येतात त्यात ९०० हून अधिक जाती आहेत. बहुतेक रानटीच. उत्तराखंडात डाळीला 'जंबू'ची फोडणी देतात, तो याच गटातला. मध्य आशियातला 'ॲलियम जायगॅन्टियम' शोभेसाठी लावतात. त्याचा दांडा दीड मीटरपर्यंत वाढतो आणि टोकाला जांभळ्या फुलांचा चेंडू येतो. 'ॲलियम मोली'ची फुलं पिवळी असतात. या सगळ्यांत फुलांचे देठ दांड्याच्या टोकाला एकाच जागेतून फुटतात आणि पान चुरडलं की सहसा कांद्यालसणाचा वास येतो. हा वास गंधकयुक्त द्रव्यांचा.

आता आपल्याकडचा रानकांदा, म्हणजेच कोळकांदा बघा. जमिनीतला गड्डा थेट कांद्यासारखा! पण हा ॲलियम नाही, शतावरीच्या कुळातला आहे. उन्हाळ्यात पानं नसतानाच त्याचा दांडा वर येतो आणि फुलं दांड्यावर सुटी सुटी लागतात. त्याला कांद्याचा वास नसतो. तो कडू आणि विषारी असतो, हृदयावर परिणाम करतो. शाळेच्या बागेतल्या पावसाळी लिलीचे कांदेही विषारीच.

मग वास आला की खायचं का? तेही नाही. युरोपात लोक रानातून 'अस्वली लसूण' खुडून आणतात. त्यात तशाच दिसणाऱ्या विषारी पानांची भेसळ होऊन विषबाधा झाल्या आहेत. एकदा हाताला लसणाचा वास लागला की पुढचं प्रत्येक पान लसणाचंच वाटतं!

म्हणून वर्गात कांदा, लसूण, पातीचा वास मुलांना जरूर घेऊ द्या. कोळकांद्याचं मात्र चित्रच दाखवा. आणि पालकांनो, घरी एकच नियम पक्का करा: रानातला किंवा बागेतला कुठलाही कांदा जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचा नाही. व्याख्या विसरली तर पुन्हा पाठ करता येते, हा नियम विसरून चालणार नाही.