व्हॅनिला व चॉकलेट : एक जुनी सोबत

घरांत वाढदिवसाचा बेत ठरला कीं मुलांचे दोन तट पडतात. एकाला व्हॅनिलाचा स्वाद हवा, तर दुसऱ्याला चॉकलेटचा ! वस्तुतः हे दोन स्वाद परस्परांचे वैरी नसून शेंकडों वर्षांचे सोबती आहेत. मेक्सिकोंतील आझ्टेक लोक कोकोच्या बिया वाटून जें पेय करीत, त्यांत व्हॅनिलाच्या शेंगाहि घालीत. आजहि चॉकलेटच्या बहुतेक वड्यांत व्हॅनिलाचा अथवा व्हॅनिलिनचा अंश असतो. पुरणांत जायफळ जें काम करतें, तेंच येथें व्हॅनिला करतो. स्वतः मागें राहून तो कोकोचा उग्रपणा सौम्य भासवितो.

मेक्सिकोबाहेर मात्र या वेलीला फुलें येत, पण शेंग धरत नसे; कारण तेथले परागवाहक कीटक इतरत्र नव्हते. १८४१ सालीं हिंदी महासागरांतील रीयूनियन बेटावर एदमों आल्बियुस या अवघ्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें बारीक काडीनें फुलांतील पडदा उचलून अंगठ्यानें पराग जुळविण्याची सोपी युक्ति दाखविली. जगांतील व्हॅनिलाची शेती अद्यापि मुख्यतः हातानेंच पराग जुळवून चालते, आणि म्हणूनच खरा व्हॅनिला इतका महाग पडतो. १८४८ सालीं त्या बेटावरील गुलामगिरी नष्ट झाली. परंतु एदमोंच्या वाट्याला संपत्ति आली नाहीं. १८८० सालीं तो दारिद्र्यांतच वारला.

आतां दोन्ही तटांना एकाच वाटींत बसविण्याचा उपाय. अर्धा लिटर दुधापैकीं थोड्या थंड दुधांत चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कालवावें. उरलेलें दूध पांच मोठे चमचे साखर घालून उकळावें व त्यांत हें मिश्रण ओतून, दाट होईपर्यंत सारखें ढवळावें. निम्मा भाग काढून ठेवावा. उरलेल्या भागांत दोन चमचे कोको व एक चमचा साखर गरम दुधांत कालवून घालावी आणि दोन मिनिटें मंद आंचेवर शिजवावें. चुलीवरून उतरल्यावरच दोन्ही भागांत व्हॅनिलाच्या अर्काचे चार-चार थेंब टाकावे. आधीं टाकल्यास सुगंध उडून जातो. कोकोच्या भागांत चिमटीभर मीठ विसरूं नये. वाटींत खालीं कोकोचा थर, वर पांढरा थर देऊन गार करावें.

वाट्या मुलांच्या हातीं देतांना एदमोंची हकीकत अवश्य सांगावी. ज्याच्या बोटांनीं जगाचें तोंड गोड केलें, त्याचें नांव तरी घरोघर ठाऊक असावें.