घटस्फोट लवकर मिळाला, घराचं काय?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात जयगडहून सकाळच्या एसटीनं एका बाईबरोबर मी रत्नागिरीच्या कोर्टात गेले. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली. नवरा मुंबईत, चार वर्षं फिरकलेला नाही. सासूचं आजारपण, दोन मुलं, पावसाआधीची शाकारणी, काजूच्या बिया वेचणं, सगळं हिनं निभावलं. दोघांच्या संमतीचा अर्ज होता. सहा महिन्यांची मुदत माफ झाली आणि घटस्फोट मिळाला. हाती एक ठोक रक्कम आली, तीही लहान. परतीच्या गाडीत ती म्हणाली, “ताई, कागद तर झाला. आता मी उतरू कुठं?”

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

संमतीनं घटस्फोटाची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. १ मे २०२३ रोजी घटनापीठानं आणखी पुढचं पाऊल टाकलं: लग्न पुन्हा जुळण्यापलीकडे मोडलं असेल, तर एकाचा विरोध असतानाही सर्वोच्च न्यायालय ते संपवू शकतं. मेलेलं नातं बाईच्या गळ्यात बांधून ठेवू नये, हे आपणही म्हणत आलो. या निकालांचं आपण स्वागत केलं, ते चुकलं नाही. पण दार उघडताना बाहेर ऊन आहे की पाऊस, हे आपण पाहिलं नाही.

कारण मालमत्तेबाबत कायदा जिथल्या तिथं आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नाच्या सुमारास दोघांना मिळालेल्या सामायिक वस्तूंपुरतं बोलतं. म्हणजे आहेरातल्या भांड्यांचा हिशेब होईल, पण तिनं एकोणीस वर्षं राखलेल्या घराचा होणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं राहण्याचा हक्क दिला. मोठी गोष्ट! पण राहणं म्हणजे मालकी नव्हे.

हे कुणाला सुचलंच नव्हतं, असंही नाही. लग्न पूर्ण मोडल्याच्या कारणावर घटस्फोट देणारं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं. त्यात नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला भरपाई देण्याची तरतूद होती. लोकसभेत ते अडलं आणि २०१४ मध्ये बारगळलं. सुटका न्यायालयाच्या वाटेनं पुढे आली, वाटा मागेच राहिला.

“अर्धा वाटा दिला तर बायका पैशासाठी संसार मोडतील,” असं म्हणणारे भेटतात. त्यांनी शेजारच्या गोव्याकडे पाहावं. तिथं लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नीची मालमत्ता सामायिक धरली जाते आणि घटस्फोटात निम्मी-निम्मी होते. तिथंही कारभार नवऱ्याच्या हाती ठेवला आहे, हा दोष आहेच. पण म्हणून गोव्यातले संसार ओस पडले नाहीत. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानंही मान्य केलं, की परदेशात कमावणाऱ्या नवऱ्यानं घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या बायकोचा वाटा असतो. कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला हवं का? मुंबईचा पगार साठला, कारण गावचं घर बाईनं फुकटात चालवलं. जयगडला बंदर आणि वीज प्रकल्प आल्यावर जमिनीला मोल आलं. बाईच्या कष्टाला अजून आलेलं नाही.

आपली मागणी साधी आहे. लग्नानंतर उभ्या राहिलेल्या मालमत्तेत अर्धा वाटा हा तिचा हक्क ठरावा, कोर्टाची मेहेरबानी नव्हे. तोवर आपण कार्यकर्त्यांनी एक शिस्त पाळू. पोटगीच्या दाव्यात दोघांनी मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये बंधनकारक केलं. मी पाहिलेल्या संमतीच्या अर्जांत मात्र ते कुणी मागत नाही. आपण मागू. सातबारा आणि घरपट्टीचा उतारा हाती आल्याशिवाय कुठल्याही बाईला संमतीच्या अर्जावर सही करू देऊ नका.

त्या दिवशी मीही हे केलं नाही. ती बाई सध्या भावाच्या पडवीत राहते.