वेदनाशामक गोळी आणि कागदावरचा कायदा

सूज व वेदना कमी करणाऱ्या औषधांवर बंदी घालण्याचा आपल्या देशाचा अनुभव कमी नाही. २०११ साली नायमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांसाठी निषिद्ध ठरले. त्याआधी, २००६ मध्ये, डायक्लोफेनॅकचा पशुवैद्यकीय वापर थांबवण्यात आला होता. हे औषध दिलेल्या मृत गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती, आणि एकेकाळी गावोगावी दिसणारा पांढऱ्या पाठीचा गिधाड जवळजवळ नाहीसा झाला होता. बंदी आली तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचतच राहिल्या. अखेर २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची कुपी एका मात्रेपुरती, म्हणजे तीन मिलिलिटरची करण्यात आली. या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती बंदीपेक्षा ही कुपी. नुसत्या हुकमाने जे साधले नाही, त्यासाठी शासनाला वस्तूचा आकारच बदलावा लागला.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण अजून हुकमावरच विसंबून आहोत. डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची ‘एच’ मध्ये येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री बेकायदा आहे. प्रत्यक्षात गुडघेदुखीची गोळी मागितली की ती पट्टीतून कापून हातावर ठेवली जाते, आणि कापलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव वा मुदतीची तारीख राहीलच याची खात्री नसते. एखाद्या जिल्ह्यात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे, की मोजक्या औषध निरीक्षकांनी हजारो दुकानांवर नजर ठेवावी ही अपेक्षाच अवास्तव आहे.

या औषधांचे काम आणि त्यांचा धोका एकाच ठिकाणी आहे. वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये ती अडवतात. पण तीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवतात. म्हणून निरोगी तरुणाने दोन दिवस घेतलेली गोळी वेगळी आणि रक्तदाबाची व लघवी वाढवणारी औषधे चालू असलेल्या वृद्धाने महिनोन्‌महिने घेतलेली वेगळी. उन्हात घाम गाळणारा, पुरेसे पाणी न मिळणारा मजूर रोज संध्याकाळी अंगदुखीची गोळी घेतो, तेव्हा त्याच्या मूत्रपिंडांवर दुहेरी ताण येतो. डेंग्यूच्या तापात तर आयब्युप्रोफेन वा ॲस्पिरिन रक्तस्रावाचा धोका वाढवतात. तेथे पॅरासिटामोलच, तेही ठरलेल्या प्रमाणात, योग्य. हे रुग्णाला सांगणार कोण?

त्यात भर संयुक्त गोळ्यांची. २०१६ मध्ये केंद्राने एकाच दिवशी ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, प्रकरण न्यायालयात गेले, २०१८ मध्ये ३२८ पुन्हा बंद झाली आणि २०२४ मध्ये आणखी १५६. तरी आजही पाठीसाठी एका नावाची, दातासाठी दुसऱ्या नावाची गोळी घेणाऱ्याला आपण एकाच जातीची दोन औषधे घेत आहोत याचा पत्ता नसतो. वेष्टनावरची अक्षरे बारीक, आणि बहुधा इंग्रजी.

२०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमावर केंद्र व राज्ये खर्च करीत आहेत, आणि तो खर्च आवश्यकच आहे. परंतु त्या यंत्रापर्यंत रुग्ण पोहोचूच नये यासाठी लागणारा पैसा त्यामानाने किरकोळ आहे. या गोळ्या तीन-चार दिवसांपुरत्या छोट्या पट्टीत, न कापता विकाव्यात. पट्टीवर राज्यभाषेत ठळक लिहावे: रिकाम्या पोटी नको, मूत्रपिंडाच्या व जठरव्रणाच्या रुग्णांनी नको, गरोदरपणी वैद्यांना विचारल्याविना नको. रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीसाठी आशा कार्यकर्ती घरोघर जातेच. तिच्या प्रश्नांच्या यादीत ‘दुखण्यासाठी कोणती गोळी घेता, आणि किती दिवसांपासून?’ हा एक प्रश्न वाढवायला नवा कायदा लागत नाही, आरोग्य खात्याचे एक परिपत्रक पुरते.